रामघाट : स्नानाचे स्वातंत्र्य आणि आरोग्याचा कायदा

उज्जैनमध्ये हरसिद्धी मंदिराजवळ क्षिप्रेच्या काठी असलेला रामघाट हा त्या नगरीचा मुख्य स्नानघाट असून, रामाने येथे दशरथाचे पिंडदान केले या परंपरेवरून त्याला हे नाव पडल्याचे सांगितले जाते. पहाटे नित्यस्नानाला येणारा स्थानिक रहिवासी असो, अमावास्येची किंवा संक्रांतीची पर्वणी, म्हणजे विशेष पुण्यप्रद मानलेला स्नानाचा काळ, साधायला आलेला यात्रेकरू असो, की अस्थिविसर्जनासाठी आलेले कुटुंब असो, पाण्यात उतरण्यासाठी कोणाची परवानगी लागावी ही कल्पनाच त्यांच्यापैकी कोणाला सुचत नाही. तरीही गेल्या दीडशे वर्षांत भारतातील तीर्थस्नान हा आरोग्य प्रशासनाचा फार मोठा चिंताविषय ठरला, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ने धर्मस्वातंत्र्याची हमी देताना सार्वजनिक सुव्यवस्था व नीतिमत्ता यांच्याबरोबर आरोग्याचीही मर्यादा घालून दिली, तेव्हा त्या मर्यादेमागे तीर्थक्षेत्रांतील साथींचा दीर्घ अनुभव उभा होता. या अनुभवात कायद्याने कोणाला आवरले आणि कोणाला मोकळे सोडले हे पाहिले, तर आरोग्य आणि स्वातंत्र्य यांचा झगडा जसा सहसा मांडला जातो त्याहून बराच वेगळा दिसू लागतो.

मराठी वाचकाला उज्जैन परके नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंदे यांच्या अमलात त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुन्हा उभारणी केली. पुढे दौलतराव शिंदे यांनी १८१०च्या सुमारास ग्वाल्हेरच्या लष्करात राजधानी हलवीपर्यंत ही शिंद्यांची राजधानी होती, आणि शहरातील गोपाळ मंदिर हे त्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे काम आहे. घाटावरील क्षेत्रोपाध्ये, म्हणजे यात्रेकरूंचे धार्मिक विधी वंशपरंपरेने करणारे पुरोहित, आपल्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या नोंदवीत आले आहेत. दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आणि सूर्य मेष राशीत असताना येथे सिंहस्थ भरतो. गुरू सिंहेत असतानाच नाशिकचाही सिंहस्थ येतो, परंतु दोहोंत एक फरक आहे, आणि आरोग्याच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. नाशिकची मुख्य स्नाने श्रावण-भाद्रपदात, गोदावरीला पाणी असताना होतात, तर उज्जैनची चैत्र-वैशाखात, ऐन उन्हाळ्यात होतात. क्षिप्रा ही हिमालयातून वितळलेल्या बर्फावर पोसलेली नदी नसून इंदूर जिल्ह्यातील उज्जैनी गावाजवळ उगम पावणारी, पावसावर अवलंबून असलेली माळव्याच्या पठारावरील नदी आहे, त्यामुळे वर्षातील सर्वांत कमी पाणी आणि बारा वर्षांतील सर्वांत मोठी गर्दी यांची गाठ रामघाटावर पंचांगानेच घालून दिलेली आहे.

इंग्रजी आरोग्यखाते येण्यापूर्वी या घाटांवर स्वच्छतेचा विचारच नव्हता, हा समज चुकीचा आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र टाकणे आणि थुंकणे यांना स्पष्ट मनाई केलेली असून, नदीच्या पात्रात कपडे न धुण्याचा आणि स्नानापूर्वी काठावरच अंग स्वच्छ करण्याचा शिष्टाचार अनेक घराण्यांत पाळला जात असे. हा नियम मोडणाऱ्याला शिपाई पकडत नसे. दोष लागण्याचे भय आणि चार लोकांतील लाज एवढाच त्याचा धाक होता, आणि गर्दी ओळखीच्या माणसांची असेपर्यंत तो पुरेसा पडत असावा. मात्र या शिस्तीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे, कारण ती डोळ्यांना दिसणाऱ्या अशुद्धीपुरती होती आणि निर्मळ दिसणाऱ्या पाण्यातूनही रोग येऊ शकतो याची जाणीव तिला नव्हती.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की, या शिस्तीतील शुद्धीची कल्पना आरोग्यापेक्षा जातीशी अधिक जखडलेली होती. महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर सनातन्यांनी ते तळे गोमूत्र आणि शेण घालून ‘शुद्ध’ केले, आणि २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सुरू झालेला सत्याग्रह पाच वर्षांहून अधिक काळ चालला. ज्या समाजाने आपल्यातील लक्षावधी माणसांना पाणवठ्याला हातही लावू दिला नाही, त्याच समाजातील वरिष्ठ वर्ग सरकारी नियमांविरुद्ध तीर्थस्नानाच्या स्वातंत्र्याचा कैवार घेत असे, तेव्हा ते स्वातंत्र्य सर्वांचे नव्हते, हे या इतिहासात स्पष्टपणे नोंदवले गेले पाहिजे.

पटकी, म्हणजे कॉलरा, या रोगाने तीर्थयात्रेकडे पाहण्याची राज्यकर्त्यांची दृष्टी बदलली. १८१७मध्ये बंगालमधून निघालेली साथ त्याच वर्षाच्या अखेरीस बुंदेलखंडात पेंढाऱ्यांविरुद्ध उतरलेल्या इंग्रज फौजेत शिरली आणि १८१८मध्ये दख्खन ओलांडून मुंबईपर्यंत पोहोचली. ती युरोपात वारंवार जाऊ लागल्यावर १८६६मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने हिंदू यात्रांना रोगप्रसाराचे अत्यंत प्रबळ कारण ठरवले, आणि दुसऱ्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभानंतर उत्तर भारतात पसरलेल्या साथीने त्या निष्कर्षाला बळ मिळाले. १८९२मध्ये हरिद्वारलाच महावारुणी पर्वावर वायव्य प्रांताच्या सरकारने यात्राच उठवून जमलेल्या लोकांना परत धाडले, तेव्हा त्याविरुद्ध तीव्र निषेध झाला. त्याच काळात विज्ञान मात्र वेगळ्याच दिशेला बोट दाखवत होते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४मध्ये कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा पाण्याशी असलेला संबंध दाखवला होता, आणि १८९६मध्ये अर्नेस्ट हॅनबरी हँकिन यांना गंगा-यमुनेच्या पाण्यात हे जंतू नष्ट करणारा काही घटक असल्याचे आढळले, जो पुढे जंतुभक्षक विषाणूंच्या शोधाशी जोडला गेला. प्रश्न पाण्याचा होता. ते स्वच्छ पुरवणे खर्चाचे होते आणि यात्रा बंद करणे स्वस्त होते.

या स्वस्त मार्गाला १८९७च्या साथरोग कायद्याने कायमचे रूप दिले. मुंबईतील प्लेगच्या पार्श्वभूमीवर घाईने केलेल्या या अवघ्या चार कलमांच्या कायद्याने सरकारला आवश्यक वाटेल ते नियम करण्याचा, रेल्वेप्रवासी तपासण्याचा व संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार दिला आणि नियम मोडणाऱ्याला दंडसंहितेच्या कलम १८८खाली शिक्षेस पात्र ठरवले. परंतु रुग्णाला उपचार, नागरिकाला पाणी किंवा वेगळे ठेवलेल्या माणसाला अन्न देण्याचे एकही बंधन सरकारवर घातले नाही. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरे तपासली, सामान जाळले, स्त्रियांच्या तपासणीत मर्यादा पाळली गेली नाही, आणि २२ जून १८९७च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. पुढच्या वर्षी सिन्नरलाही प्लेगच्या बंदोबस्तावरून दंगा उसळला. याचा अर्थ लोकांना प्लेग निवारणच नको होते असा कोणी लावला, तर तो त्या पिढीवर अन्याय होईल. ‘केसरी’तून जुलमावर टीका करणारे टिळक हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीतही पुढे होते, आणि सावित्रीबाई फुले यांनी रुग्णसेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी प्लेगने देह ठेवला. लोकांचा विरोध उपचाराला नव्हता, माणसाला गुन्हेगार मानून केलेल्या उपचाराला होता.

उज्जैन ज्यात मोडत होते त्या ग्वाल्हेर संस्थानात १८९७चा हा कायदा थेट लागू नव्हता आणि संस्थाने आपापले नियम करीत, तरी रेल्वेने उज्जैन ब्रिटिश हिंदुस्थानाशी जोडले गेल्यावर तेथील यात्रेचे स्वरूप बदलले आणि पूर्वी आठवड्यांनी पायी पोहोचणारा समुदाय दिवसांत येऊ लागला. १९१२नंतर भारत सरकारने प्रांतोप्रांती यात्रा समित्या नेमल्या. यात्रेकरूंना छप्पर नसलेल्या मालडब्यांतून कोंबून नेले जाई, याचा अनुभव गांधीजींनी १९१५च्या हरिद्वार कुंभाला जाताना सहारनपूरच्या पुढे घेतला आणि आपल्या आत्मकथेत लिहून ठेवला. त्या कुंभात गोखल्यांनी पुण्यात स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे स्वयंसेवक पथक हृदयनाथ कुंझरू यांच्या नेतृत्वाखाली काम करीत होते आणि त्याची वैद्यकीय व्यवस्था डॉ. देव यांच्याकडे होती. मैल्यासाठी खोदलेल्या चरांवर देखरेख करण्याचे आणि मैला मातीने झाकण्याचे काम गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातील मंडळींनी स्वेच्छेने पत्करले. भंगी समाजावर लादलेले हे काम इतर जातींच्या माणसांनी आपण होऊन केले, यात शिक्षेच्या धाकाने न साधणारी गोष्ट सिद्ध झाली.

लसीचा इतिहासही याच प्रश्नाकडे नेतो. वाल्देमार हाफकिन यांनी पटकीवरील लस १८९४मध्ये कलकत्त्याच्या वस्त्यांत वापरली, प्लेगवरील लस १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत स्वतःच्या अंगावर टोचून घेतली, आणि परळ येथील त्यांची संस्था आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुढील अर्धशतकात पटकीची लस सक्तीची करण्याचा प्रश्न यात्रांच्या संदर्भात पुन्हा पुन्हा उपस्थित होत राहिला. मात्र त्या काळच्या लशीने मिळणारे संरक्षण तोकडे व अल्पकालीन होते, ती रोगाचा प्रसार थांबवू शकत नव्हती, आणि म्हणून १९७३मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आंतरराष्ट्रीय प्रवाशांकडून पटकीच्या लशीचा दाखला मागण्याची तरतूदच काढून टाकली. शुद्ध पाणी आणि मैल्याची विल्हेवाट हाच पटकीवरचा टिकाऊ इलाज आहे, हे तोवर सर्वमान्य झाले होते.

स्वातंत्र्यानंतर ग्वाल्हेर संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झाले, आणि १९५५मध्ये त्या राज्याने सिंहस्थ मेळ्यासाठी स्वतंत्र कायदा केला. आरोग्यासाठी दैनंदिन सवयींवर मर्यादा घालणाऱ्या कायद्यांनीही पुढे अधिक विवेकी वळण घेतले. २ ऑक्टोबर २००८पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम काटेकोरपणे लागू झाले, त्यांचा आधार दुसऱ्याच्या फुप्फुसात जाणारा धूर हा होता. आणि १ एप्रिल २०१२पासून गुटख्यावर बंदी घालणारे मध्य प्रदेश हे पहिले राज्य ठरले, त्यानंतर काही महिन्यांत महाराष्ट्रानेही तेच केले. ही बंदी गुटख्याच्या उत्पादनावर, साठ्यावर आणि विक्रीवर आहे, खाणाऱ्याला तिने गुन्हेगार केलेले नाही. तिची अंमलबजावणी किती सैल आहे हे कोणत्याही बसस्थानकाच्या भिंतीवरून कळते, तरी जबाबदारी ज्याच्या हाती नफा आहे त्याच्याकडे नेण्याचे तिचे तत्त्व योग्य आहे.

रामघाटाच्या पाण्याला हे तत्त्व लावले, तर नजर घाटावरून वरच्या दिशेला वळते. इंदूर शहरातून वाहत येणारी खान किंवा कान्ह नदी शहराचे सांडपाणी घेऊन उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेस मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार उघड्यावरील स्नानाच्या पाण्यात जैविक प्राणवायूची गरज, म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना खाल्ला जाणारा प्राणवायू, लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि दर १०० मिलिलिटरमध्ये एकूण कॉलिफॉर्म जंतूंची संख्या ५००च्या आत असावी. कोणत्याही स्नान करणाऱ्याने साबण न लावल्याने, निर्माल्य न टाकल्याने किंवा न थुंकल्याने हे निकष गाठले जाणार नाहीत, कारण प्रदूषणाचा मोठा वाटा शेकडो हजारो घरांच्या नळ्यांतून येतो. २०१६च्या सिंहस्थापूर्वी पिपलिया राघो येथून कालियादेहपर्यंत सुमारे १९ किलोमीटरची नलिका टाकून खानचे पाणी उज्जैनच्या बाहेरून नेण्यात आले, आणि त्याआधी २०१४मध्ये नर्मदेचे पाणी पंपांनी सुमारे ३५० मीटर उचलून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडण्यास प्रारंभ झाला. त्यामुळे २२ एप्रिल ते २१ मे २०१६ या महिनाभरात रामघाटावर ज्यांनी स्नान केले, ते बव्हंशी नर्मदेच्या पाण्यात केले.

५ जानेवारी २०१९ रोजी शनिवारची अमावास्या होती. त्रिवेणीला क्षिप्रेत पाणी सोडले गेले नव्हते आणि भाविकांना चिखलात स्नान उरकावे लागले. राज्य सरकारने विभागीय आयुक्त व जिल्हाधिकारी यांची बदली केली. दीडशे वर्षांच्या या इतिहासात स्नानात खंड पडल्याबद्दल यात्रेकरूऐवजी अधिकाऱ्याला जबाबदार धरल्याचा हा प्रसंग फार क्वचित घडणारा आहे, आणि त्याचे महत्त्व त्या दिवसाच्या राजकारणाहून मोठे आहे. स्वच्छ पाणी पुरवण्याचे राज्याचे कर्तव्य चुकवणे येथे निदान एका दिवसापुरते दंडनीय ठरले.

२०२८च्या सिंहस्थासाठी कान्हचे पाणी बंद नलिकेतून आणि बोगद्यातून उज्जैनच्या पुढे नेण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले आहे. ते पूर्ण झाले तर रामघाटावरील पाणी सुधारेल यात शंका नाही, पण सांडपाणी शुद्ध झाल्याशिवाय पुढे सोडले गेले, तर खालच्या अंगाची गावे, जिथे ना सिंहस्थ भरतो ना निकष मोजणारी यंत्रणा दररोज येते, तेच पाणी गुरांना पाजतील आणि त्यातच अमावास्येचे स्नान करतील. इंदूरच्या सांडपाण्याचा शेवटचा थेंब शुद्धीकरण केंद्रातूनच बाहेर पडावा याची सक्ती करणारा अधिकारी आणि त्या कामाचा खर्च देणारा अर्थसंकल्प, हे दोन्ही घाटावरच्या कोणत्याही दंडाच्या पाटीपेक्षा आधी यायला हवेत.