पडद्यावरचा फोन नंबर

आपल्या सोसायटीची नोंदणी झाली 2000 साली. त्याच वर्षी मे महिन्यात 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस ईमेलमधून जगभर पसरला होता. पाणी, लिफ्ट आणि पार्किंगचा इतिहास या स्मरणिकेत इतर सभासद लिहितीलच. मी कॉम्प्युटरच्या भीतीचा इतिहास लिहितो, कारण त्यात मी दोनदा फसलो आहे.

पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस 'ब्रेन' 1986 सालचा. तो लाहोरच्या बासित आणि अमजद फारूख अल्वी या भावांनी लिहिला. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरून नकला होतात, यावर त्यांचा हा उपाय होता. गंमत म्हणजे त्यात त्यांच्या दुकानाचा खरा पत्ता आणि खरे फोन नंबर होते. 'लस' हवी असेल तर संपर्क करा, असंही लिहिलेलं होतं. व्हायरस खरा, नंबरही खरा!

पुढे भीतीचा धंदा झाला. 1989 साली 'एड्स' नावाची फ्लॉपी टपालाने लोकांकडे गेली. ती कॉम्प्युटर अडवून 189 डॉलर पनामाच्या एका पोस्ट बॉक्सवर पाठवायला सांगायची.

मग व्हायरस नसतानाही भीती पसरू लागली. 2002 साली एक ईमेल फिरला. टेडी बेअरचं चित्र असलेली फाईल म्हणजे व्हायरस, ती लगेच काढून टाका आणि ओळखीच्यांना कळवा. ती फाईल विंडोजचीच होती. मी ती काढली आणि वर शेजारधर्म म्हणून आपल्या चार घरांतही काढायला लावली. ही माझी पहिली फसगत. त्या चौघांची माफी आज मागतो.

नंतर खोटे अँटिव्हायरस आले. फुकट तपासणीत शेकडो व्हायरस दाखवायचे आणि ते काढायला पैसे मागायचे. मग फोन सुरू झाले. 2012 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा टोळ्यांवर कारवाई जाहीर केली. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेच्या आयकर खात्याच्या नावाने फोन जात. सोंग वेगळं, पण हत्यारं तीच: धाक आणि घाई.

माझी दुसरी फसगत 2021 ची. बातम्या वाचताना स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजू लागला आणि 'कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा' असं आलं. माझी घाबरगुंडी उडाली. मी फोन केला. पलीकडचा मुलगा फार अदबीने बोलत होता, मला "सर सर" करत होता. त्याने एक ॲप टाकायला लावलं आणि लांबूनच माझा कॉम्प्युटर चालवू लागला. विंडोजची नोंदवही उघडून त्यातल्या लाल-पिवळ्या खुणा त्याने 'व्हायरस' म्हणून दाखवल्या. तशा खुणा धडधाकट कॉम्प्युटरमध्येही असतात, हे मला नंतर कळलं. तोवर चौदा हजार रुपये गेले होते.

पैशांपेक्षा लाज मोठी होती. मी घरीसुद्धा बोललो नाही. वर्षभराने सर्वसाधारण सभेत धीर करून सांगितलं, तेव्हा सभा संपल्यावर दोघेजण हळूच जवळ येऊन म्हणाले, "आमचंही असंच झालं." त्यातल्या एका काकूंचा प्रकार माझ्या नंतरचा होता. मी वेळेवर बोललो असतो तर त्यांचे पैसे वाचले असते. ही बोच अजून आहे.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. खऱ्या व्हायरसच्या सूचनेत फोन नंबर नसतो. नंबर दिसला की ती सूचना खोटी. फोन करू नका. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. नाहीच झाला तर पॉवरचं बटण दाबून धरा. पुन्हा उघडताना जुनी पानं परत उघडू देऊ नका. कोणाला कॉम्प्युटरमध्ये शिरू दिलंच असेल, तर इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 या सरकारी हेल्पलाइनला कळवा, पासवर्ड बदला.

आणि मुख्य म्हणजे शेजारची बेल वाजवा. माझी वाजवलीत तरी चालेल. मी हसणार नाही.