डिझेलचे वंगणगुण मोजणारी पोलादी गोळी

डिझेल इंजिनात इंधन केवळ जळत नाही. ते वंगणाचेही काम करते. पिस्टन व सिलिंडर यांच्यासाठी स्वतंत्र इंजिन ऑईल असते. इंधन पंप आणि इंजेक्टर यांचे हलते भाग मात्र बहुतांशी डिझेलवरच विसंबून असतात. आधुनिक कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब दोन हजार बारच्या घरात जातो. अशा वेळी दोन धातूंमधील इंधनाचा पातळ थर तुटला, की झीज सुरू होते.

हा प्रश्न प्रथम ठळकपणे पुढे आला तो स्वीडनमध्ये. तेथे १९९१ पासून अत्यल्प गंधकाच्या डिझेलला करसवलत मिळाली आणि त्यानंतर इंधन पंप अकाली निकामी होऊ लागले. गंधक स्वतः वंगण नव्हे. परंतु ते काढून टाकणाऱ्या हायड्रोजन प्रक्रियेत, धातूला चिकटून त्याचे रक्षण करणारी प्राणवायू व नत्रयुक्त संयुगेही नष्ट होतात.

म्हणून ‘एचएफआरआर’ ही चाचणी रूढ झाली. ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या डिझेलमध्ये बुडालेल्या पोलादी चकतीवर ६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी २०० ग्रॅम भाराखाली घासली जाते. एक मिलिमीटरची ही ये-जा सेकंदाला ५० वेळा, अशी ७५ मिनिटे चालते. म्हणजे एकूण सव्वादोन लाख फेऱ्या. त्यानंतर गोळीवर उमटलेल्या झिजेच्या ठशाचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ठसा जितका मोठा, तितके इंधनाचे वंगणगुण कमी. युरोपात व भारतात ही मर्यादा ४६० मायक्रॉन, तर अमेरिकेत ५२० मायक्रॉन आहे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके देशभर लागू झाली आणि डिझेलमधील गंधकाची कमाल मात्रा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. गमावलेले वंगणगुण भरून काढण्यासाठी विशिष्ट रसायने अल्प प्रमाणात मिसळली जातात. एक-दोन टक्के बायोडिझेलनेही हा परिणाम साधतो. उलट, रॉकेलची भेसळ इंधनाचे वंगणगुण घटवते.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. प्रत्यक्ष पंपातील दाब, वेग आणि धातू निराळे असतात. त्यामुळे पंप शेकडो तास चालवून, भाग सुटे करून त्यांची झीज तपासण्याला पर्याय नाही. मात्र त्या खर्चिक परीक्षेआधी इंधनाची पारख सव्वा तासात होते, हेच या चाचणीचे महत्त्व.