युरोपीय स्थलांतर, अमेरिकेतील (१८२०–१९२४)

युरोपातून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झालेल्या स्थलांतराची हकिकत बहुधा आगमनापाशीच थांबते. आगबोट न्यूयॉर्क बंदरात शिरते. १८९२ साली सुरू झालेल्या एलिस बेटाच्या ठाण्यात डॉक्टर उतारूची पापणी उलटून खुपऱ्या आहेत का ते पाहतो, शंका आली तर कोटावर खडूने खूण करतो आणि पुढे सरकवतो. परतीच्या बोटी या चित्रात नसतात. अमेरिकन सरकारनेही देश सोडणाऱ्यांची रीतसर गणती १९०८ पासूनच सुरू केली, आणि पहिल्याच वर्षी ती बोलकी ठरली. १९०७ मध्ये सुमारे १२ लाख ८५ हजार लोक आले होते. मग आर्थिक घबराट पसरली, कामे थंडावली. १९०८ मध्ये सुमारे ७ लाख ८३ हजार आले आणि ३ लाख ९५ हजार निघून गेले. बिऱ्हाड कायमचे हलवलेली माणसे मंदी आली म्हणून एवढ्या संख्येने उठत नाहीत. १८८० नंतरच्या या लाटेतला मोठा भाग मजुरीपायी ये-जा करणाऱ्यांचा होता.

ही ये-जा आगबोटीमुळे परवडू लागली. शिडाच्या जहाजाला अटलांटिक ओलांडायला पाच-सहा आठवडे लागत. वाफेवर ते अंतर दहा-बारा दिवसांचे झाले. दक्षिण इटलीतला शेतमजूर काही हंगाम रूळ टाकण्याच्या नाहीतर खोदकामाच्या कामावर काढी आणि साठलेल्या डॉलरांवर गावी घर बांधी. गावकरी अशांना ‘अमेरिकानी’च म्हणत.

यावर आयरिश आणि ज्यू लोकांचा दाखला दिला जातो, आणि तो खराच आहे. १८४५ नंतर बटाट्यावरील रोगाने आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला, १८८१ पासून रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले होऊ लागले. त्यांना परतायला जागाच उरली नव्हती. पण त्यावरून एवढेच ठरते की राहणे-परतणे मागे काय सोडले यावर अवलंबून होते. अमेरिकेची ओढ सर्वांना सारखीच बांधून ठेवत होती असे नाही. बहुसंख्य शेवटी तिथेच राहिले, हा दुसरा आक्षेपही मान्य करावा. मात्र तो निर्णय अनेकांनी बोटीत चढताना नव्हे, तर पुढे कधीतरी घेतला. १९२४ च्या कायद्याने १८९० च्या जनगणनेवर वाटे ठरवून इटलीला वर्षाला अवघ्या ३,८४५ जागा ठेवल्या, तेव्हा हंगामी मजुराचा हा रस्ता जवळपास बंद झाला.