दहा फुटी टायर

गेल्या सप्टेंबरात इंजिनियर पासवर माझी पिकअप एका दगडावर बसली. (घाटाचं नाव खरंच इंजिनियर पास आहे. कोलोरॅडोत, उंची १२,८०० फूट. आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांशी त्याचा काही संबंध नाही, रस्ता १८७० च्या दशकातल्या खाणवाल्यांचा.) यूरे गावाकडून चढताना सुरुवातीलाच दगडांच्या पायऱ्या लागतात. तिथे मागच्या अ‍ॅक्सलचा मधला फुगीर भाग, म्हणजे डिफरन्शियल, खडकावर टेकला आणि एक चाक हवेत फिरायला लागलं. मागच्या सीटवरून सात वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, आपण अडकलो का?" मी म्हटलं, "नाही गं, थांबलोय." बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तिचं वर्णन इथे करत नाही.

जॅक आणि चार दगड लावून अर्ध्या तासात सुटलो. पण घरी आल्यावर डोक्यात किडा शिरला, गाडी उंच करायची. माझी गाडी २०१२ ची टोयोटा टाकोमा, सेकंडहँड. ज्याला विचारावं तो एकच मंत्र म्हणतो: तीन इंच लिफ्ट, तेहतीसचे टायर. एका मित्राने तर सहा इंच लिफ्ट आणि पस्तीसचे टायर घातलेत. का, असं विचारलं की म्हणतो, सगळे घालतात.

आता आम्हा लोकांची एक खोड असते. चालू सिस्टिममध्ये बदल करायचा तर आधी बघायचं, हा कोड पहिल्यांदा कोणी लिहिला आणि कशासाठी. चार-पाच वीकेंड त्यात गेले. जे सापडलं ते टायरच्या दुकानात सांगतात त्यापेक्षा बरंच मजेदार निघालं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण मलाही ती उशिरा कळली. सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे स्प्रिंगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून, मागे पाटे वाढवून (आपल्याकडच्या ट्रकला असतात तेच पाटे) गाडीचा सांगाडा उचलणं. पण मागचा अ‍ॅक्सल तर दोन चाकांच्या मध्ये बसलेला! लिफ्टने तो सुताएवढाही वर जात नाही. तो वर जातो फक्त टायर मोठा केल्यावर, तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्याने. म्हणजे ज्या डिफरन्शियलवर मी बसलो होतो, त्याच्यासाठी तीन इंची लिफ्टचा उपयोग शून्य. लिफ्ट गाडीचं पोट वाचवते आणि मोठ्या टायरला जागा करून देते. मुख्य पात्र टायर.

मोठं चाक खड्ड्यातून सहज निघतं हे तर आजोबांच्या बैलगाडीला माहीत होतं. पुरुषभर उंचीचं लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव. दगडावरून डुलत जायचं, पण पावसाळी शेतात तीच धाव सुरीसारखी रुतायची. मग ऊसवाले रबरी टायरच्या गाड्यांवर गेले. त्यांचं चाक लहान, तरी रुतणं कमी आणि ओझं जास्त. उंची आणि पसरटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना कळलं होतं. शिकागोच्या इंजिनियरांना मात्र १९३९ साली कळलं नाही.

त्या वर्षी अमेरिकेच्या अंटार्क्टिक मोहिमेसाठी थॉमस पोल्टर या शास्त्रज्ञाच्या कल्पनेतून 'स्नो क्रूझर' नावाचं एक धूड तयार झालं. लांबी ५५ फुटांच्या वर, वजन सामानासकट तीसेक टन, आत झोपायची-स्वयंपाकाची सोय, छतावर चक्क विमान. डिझेल इंजिनांवर वीज तयार करायची आणि त्यावर प्रत्येक चाकाची मोटर. टायर दहा फूट उंच! बर्फातल्या भेगा ओलांडता याव्यात म्हणून चाकं पोटात ओढून घ्यायची सोयसुद्धा होती. शिकागोहून बॉस्टनच्या बंदरापर्यंत ते स्वतःच्या चाकांवर गेलं, वाटेत ओहायोत एका छोट्या पुलावरून ओढ्यात घसरलं, आणि रस्त्यावर लोकांची ही गर्दी.

जानेवारी १९४० मध्ये ते अंटार्क्टिकावर उतरलं आणि रुतलं. टायर दलदलीतल्या वाहनांवरून बेतलेले, पूर्ण गुळगुळीत, नक्षी म्हणून नाही. बर्फात पकड शून्य आणि धूड तीन-तीन फूट खाली. शेवटी स्पेअरचे दोन टायर पुढे जोडून डबल चाकं केली, मागच्या चाकांना साखळ्या बांधल्या. मग लक्षात आलं की उलटं चालवलं तर थोडं बरं चालतं. त्याचा सगळ्यात लांब प्रवास ९२ मैलांचा, आणि तो पूर्ण रिव्हर्समध्ये. नंतर लोक त्यात नुसते राहायला लागले, गाडीचं घर झालं. १९५८ मध्ये पुन्हा बर्फाखाली सापडलं, त्यानंतर कायमचं हरवलं. डेमोत झकास, प्रॉडक्शनमध्ये ठप्प. आपल्यापैकी कोणी असं काही रिलीज केलं नसेल तर हात वर करा :-)

गंमत म्हणजे याचं उत्तर दुसरीकडे आधीच सापडलेलं होतं, वाळवंटात. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० च्या दशकात इजिप्तमध्ये होता. सुटीत मित्रांना घेऊन लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या न्यायचा हा त्याचा छंद. (वीकेंडचा छंद कुठवर जाऊ शकतो बघा. पुढे त्याने वाळूच्या टेकड्या वाऱ्याने कशा बनतात यावर ग्रंथ लिहिला, १९४१ साली. तो अजून शास्त्रज्ञ वापरतात.) त्याचा मार्ग साधा: गाडी हलकी करायची, वाळूत टायरमधली हवा कमी करायची, आणि रुतलंच तर चाकाखाली सरकवायला लोखंडी पट्ट्या जवळ ठेवायच्या. १९४० मध्ये त्याने कैरोत लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. शत्रूच्या मागे शेकडो मैल वाळवंटात फिरणारी ही तुकडी. पुढे भारतीय घोडदळातल्या जवानांचं एक पथकही तिला जोडलेलं होतं. आणि सुरुवातीचे त्यांचे शेवर्ले ट्रक? टू-व्हील ड्राइव्ह! फोर बाय फोरचा बिल्ला मागे चिकटवून सुपरमार्केटला जाणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

हवा कमी केल्याने होतं काय? टायर जमिनीवर जितका पसरतो तितकं वजन वाटलं जातं. माझ्या गाडीच्या एका चाकावर सामानासकट साधारण साडेपाचशे किलो येतात. ३५ पीएसआय हवेला टायर सव्वादोनशे चौरस सेंटिमीटरवर टेकतो, १८ पीएसआयला सव्वाचारशेवर. हिशोब ढोबळ आहे, टायरच्या भिंतीचा ताठपणा धरलेला नाही. पण खर्च बघा: शून्य.

इतकं साधं होतं तर मग उंचीचं वेड आलं कुठून? त्याचा मोठा वाटा सेंट लुईस शहराच्या आसपासच्या एका माणसाचा. बॉब चँडलर. त्याने १९७४ ची फोर्ड एफ-२५० पिकअप घेतली आणि पुढच्या वर्षी फोर-व्हील ड्राइव्हच्या सामानाचं दुकान काढलं. पिकअप म्हणजे दुकानाची चालती जाहिरात. मोठे टायर घातले, तर अ‍ॅक्सल तुटले. जाड अ‍ॅक्सल घातले, तर इंजिन कमी पडलं. मोठं इंजिन टाकलं, तर आणखी मोठे टायर पेलायला लागले. शेवटी लष्करी ट्रकचे अ‍ॅक्सल आले. दुकानातला सहकारी त्याच्या जड पायाला 'बिगफूट' म्हणायचा, तेच गाडीचं नाव पडलं. १९७९ मध्ये तिला पैसे देऊन पहिल्यांदा बोलावलं ते आमच्या डेन्व्हरच्या कार शोमध्ये. १९८१ मध्ये चँडलरने शेतात दोन भंगार गाड्यांवरून ती चालवून बघितली, आणि तिथून मॉन्स्टर ट्रक हा अख्खा धंदा उभा राहिला. १९८२ पर्यंत टायर ६६ इंची झाले होते.

ते ६६ इंची टायर मुळात कशाचे होते माहितीये? शेतात खत टाकणाऱ्या यंत्रांचे. मातीवर कमीत कमी दाब यावा, पीक-जमीन दबू नये म्हणून बनवलेले. ते गाड्या चिरडायला वापरले! मला यात काही तक्रार नाही, मी स्वतः लेकीला घेऊन असा शो बघून आलोय. पण माझ्या मित्राची सहा इंची लिफ्ट त्या तमाशाची नातवंडं आहे, खडकाळ रस्त्याची नव्हे.

मित्राची ती गाडी मी एकदा चालवली होती. आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडलं की डेन्व्हरकडे मोठा उतार आहे. मोठ्या, जड टायरला थांबवायला ब्रेक तेच जुने. तिसऱ्या-चौथ्या वळणाला पेडल मऊ लागायला लागलं, ब्रेकचा जळका वास आला, आणि पुढच्या ट्रकचे लाल दिवे नको इतके जवळ. खालचा गिअर टाकून, शोल्डरवर घेऊन थांबलो. वळणावर गाडी झुलत होती ती वेगळीच. काही झालं नाही, पण त्या सीटवर माझी लेक असती तर, हा विचार अजून जात नाही. इंजिनियर पासला वर्षातून दोनदा जातो. हायवेवर रोज.

तिसरा रस्ता आइसलँडचा, आणि मला सगळ्यात पटलेला. तिथल्या लोकांना हिमनद्यांवर खरंच जायचं असतं. १९८० च्या दशकात त्यांनी जीपगाड्यांना ३८ इंची, पुढे ४४ इंची रुंद टायर घातले. पण गाडी शिडीवर चढवली नाही. चाकावरचा पत्रा कापला, अ‍ॅक्सल थोडा सरकवला, गिअरचं प्रमाण बदललं, आणि मऊ बर्फात हवा ३-४ पीएसआयपर्यंत उतरवली. टायर पोळीसारखा पसरतो आणि गाडी बर्फावर तरंगते. १९९० मध्ये तिथल्या टोयोटाच्या आश्रयाने सुरू झालेल्या आर्क्टिक ट्रक्सने हेच तंत्र हायलक्स पिकअपवर बसवलं.

आणि आता गोव्याचा संबंध. वास्कोच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व सागरी संशोधन केंद्राने (२०१८ पासून नावात 'ध्रुवीय' आलंय) नोव्हेंबर २०१० मध्ये भारताची पहिली शास्त्रीय मोहीम दक्षिण ध्रुवावर नेली. प्रमुख होते केंद्राचे संचालक रसिक रवींद्र, माणसं आठ. मैत्री तळावरून निघून ध्रुवावर जाऊन परत. वाहनं? आर्क्टिक ट्रक्सच्या ४४ इंची टायरच्या पिकअप. दहा फुटी टायरवाल्या धुडाला ९२ मैल उलटे जमले, आणि त्याच्या एक-तृतीयांश उंचीच्या टायरवर आपली माणसं पृथ्वीच्या टोकाला जाऊन आली. हे वाचलं त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितलं. तिची प्रतिक्रिया मर्यादित होती.

तर निर्णय. माझ्या गाडीचा मूळ टायर २६५/७०/१६, म्हणजे ३०.६ इंच. तेहतीसचा म्हणतात तो २८५/७५/१६ भरतो ३२.८. अ‍ॅक्सल १.१ इंच वर, पण स्पीडोमीटर ६० दाखवताना खरा वेग ६४, ३.७३ चा गिअर ३.४८ सारखा वागणार, आणि चाक वळवताना केबिनच्या माउंटला घासतं म्हणून तिथलं लोखंड कापावं लागतं. मधला पर्याय २६५/७५/१६, ३१.६ इंच. अ‍ॅक्सल अर्धा इंचच वर, पण स्पीडोमीटरची चूक फक्त साडेतीन टक्के आणि कापाकापी नाही. मी हाच घेतला, दहा प्लायचा, दगडाने भिंत फाटू नये म्हणून. लिफ्ट पुढे दोन इंच, तीही चांगल्या स्प्रिंग-शॉकची. वर नुसती चकती ठेवून उंच करायची स्वस्त लिफ्ट नको, आणि दोनाच्या वर गेलं की पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे फार तिरके होतात. मागे एक जादा पाटा. डिफरन्शियल अर्ध्या इंचाने काय वाचणार, हे मलाही कळतं. त्यासाठी खाली उतरून वाट बघायची आणि चाक दगडावर चढवायचं, दोन चाकांच्या मध्ये दगड घ्यायचा नाही, एवढंच. उरलेल्या पैशात चांगले ब्रेक पॅड, हवेचा गेज आणि छोटा काँप्रेसर.

या जुलैत परत तिथेच गेलो. पायथ्याला हवा १८ वर आणली. लेक गेज धरून ओरडत होती, "पंचवीस... बावीस... अठरा, बास!" त्या पायरीशी बायको खाली उतरून हाताने डावं-उजवं दाखवत उभी राहिली, आणि डावं चाक त्या दगडाच्या डोक्यावरून गेलं. यूरेला उतरल्यावर चारी टायर पुन्हा ३५ ला भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. काँप्रेसर मिक्सरसारखा आवाज करतो.