हॅनवेलची भिंत आणि पीटरचा ससा

ईलिंग ब्रॉडवेहून साउथॉलला २०७ नंबरच्या बसने गेलात, तर ईलिंग हॉस्पिटलजवळ डाव्या हाताला जुन्या विटांच्या इमारती लागतात. ते सेंट बर्नार्ड्स. १८३१ साली मिडलसेक्स काउंटीचे वेड्यांचे इस्पितळ म्हणून ते उघडले. १८३९ मध्ये डॉ. जॉन कॉनोली येथे आले आणि त्यांनी रुग्णांना बांधून ठेवायचे साखळदंड आणि पट्टे बंद केले. सुमारे ८०० रुग्ण, आणि बांधायचे कोणालाच नाही! त्या काळी हे वेडेपणाचेच वाटले असणार.

मुलांना मात्र हा मोकळेपणा मिळाला नाही. याच हॅनवेलमध्ये गरिबांच्या मुलांची निवासी शाळा होती, आणि १८९६ मध्ये सात वर्षांचा चार्ली चॅप्लिन तिथे दाखल झाला. दर शुक्रवारी सगळ्यांसमोर मुलांना फटके दिले जात, हे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. लहान मुलाची भीती हा उपचाराचा विषय आहे, असे तेव्हा कोणाला वाटत नव्हते. भीती हे शिस्तीचे हत्यार होते. आपल्याकडचा बागुलबुवा तरी वेगळे काय करत होता?

१९२० मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवताना मागे लोखंडी कांब ठोकून उंदराची भीती शिकवली. प्रयोग प्रसिद्ध झाला, पण भीती घालवायची राहूनच गेली. तो भाग मेरी कव्हर जोन्स यांनी केला. १९२४ साली त्यांनी पीटर या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. त्याला सशाची भीती. पीटर आवडीचे खात बसलेला असताना पिंजरा दूर ठेवायचा आणि दर खेपेस थोडा जवळ आणायचा. सशाला न घाबरणारी मुले सोबतीला असत. शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. आज जगभर वापरली जाणारी पायरीपायरीची पद्धत मुळात एवढीच आहे.

त्या धाग्याचे आजचे टोक म्हणजे प्रा. कॅथी क्रेसवेल. आधी रेडिंग विद्यापीठात, आता ऑक्सफर्डमध्ये. त्यांचा प्रश्न मला फार व्यवहारी वाटतो: तज्ज्ञ कमी, मुले जास्त, तर पालकांनाच शिकवले तर? सात ते बारा वर्षांच्या १९४ मुलांवरच्या चाचणीचे निकाल २०१३ मध्ये आले. थेरपिस्ट मुलाला नव्हे, आईवडिलांना भेटत. चार भेटी आणि चार फोन, सगळे मिळून पाच तास वीस मिनिटे. एवढ्यावर निम्म्या मुलांची मुख्य चिंताविकृती गेली. नुसती प्रतीक्षायादीत थांबलेल्यांत हे प्रमाण पाव होते. म्हणजे निम्म्यांना पुरले नाही, हेही लक्षात ठेवा.

पालकांना काय शिकवतात? मूल म्हणाले, "मी शाळेत जाणार नाही, पोटात दुखतंय," की आपण दोनच गोष्टी करतो. "काही होत नाही गं!" म्हणतो, नाहीतर "राहू दे आज." पहिल्याने मूल गप्प बसते, दुसऱ्याने भीतीला बढती मिळते. त्याऐवजी विचारायचे, "काय होईल असं वाटतं तुला?" मग एक लहान पायरी ठरवायची, तिचा अनुभव घेऊ द्यायचा आणि तिलाच तपासू द्यायचे, वाटले तसे झाले का.

आपल्या मंडळींना यात अडचण अशी की मुलाच्या वतीने बोलणे म्हणजे माया, अशी आपली समजूत. आजीने फोनवर विचारायचे आणि उत्तर आईने द्यायचे! मीही वर्षानुवर्षे हेच केले. मुलगी घराबाहेर कोणाशी बोलेना, तेव्हा तपासणीच्या यादीत महिने गेले. शेवटी पुस्तक वाचून फ्रिजवर शिडी चिकटवली. पहिली पायरी, २०७ च्या ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणणे. ती तीन आठवड्यांत जमली. दुसरी, दुकानात पाव मागणे. तिसरी, वर्गात हात वर करणे. चौथीवर पेन्सिलने लिहिले आहे: आजीशी मराठीत बोलणे, आईने मध्ये न पडता. ती अजून बाकी आहे, आणि खरे सांगायचे तर ती पायरी तिच्यापेक्षा मला अवघड जाते आहे.