समोर बसण्याचा मान

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सातवाहनांनी ते खोदवून घेतले. आतल्या भिंतींवरचा नागनिका राणीचा शिलालेख प्रसिद्ध आहे, पण आपण पाहायचे ते मागच्या भिंतीकडे. तिथे एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या आठ मूर्ती रांगेने कोरलेल्या होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी, राजपुत्र आणि एक महारठी, अशी ती मंडळी. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचे नाव. आज मूर्ती गेल्या आहेत, पायांचे थोडे अवशेष आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. रंगाने नव्हे, छिन्नीने घडलेल्या या प्रतिमा. तरी स्वतःची छबी दुसऱ्याच्या हातून करवून घेण्याच्या हौसेचा आपल्या मुलखातला मागोवा मला इथूनच सुरू करावासा वाटतो. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांना हा रस्ता कोणाचा आहे ते कळावे, हा या प्रतिमांचा हेतू. समोर उभे राहणाऱ्याच्या पदरी पडत होती ती सत्तेची द्वाही.

बाराव्या शतकात आलो की कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा आपल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रांचे प्रकार सांगताना भेटतो. आरशातल्या प्रतिबिंबासारखे हुबेहूब साम्य ज्यात साधले आहे, त्याला तो विद्धचित्र म्हणतो. साम्याची कसोटी इतक्या स्पष्टपणे मांडली गेली होती. मात्र तिचा खरा दरबारी उपयोग पुढे मोगलांनी केला. अकबर स्वतः चित्रकारांसमोर बसला आणि आपल्या सर्व अमीर-उमरावांची चित्रे काढून घेण्याचा त्याने हुकूम दिला. त्या चित्रसंग्रहामुळे गेलेल्यांना पुन्हा जीवन मिळाले आणि असलेल्यांना अमरत्व, असे अबुल फझल ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदवतो. जहांगिराने तर 1613 मध्ये इराणला वकिलात धाडली, तेव्हा तिच्यासोबत बिशनदास हा चित्रकार मुद्दाम पाठवला. शाह अब्बासचा चेहरा त्याने असा काही उतरवून आणला की, बादशहाने खूश होऊन त्याला हत्ती बक्षीस दिला. चित्रातला माणूस परका आणि दूरचा. पण त्याला ओळखायचे तर त्याच्यासमोर बसून आलेला कोणीतरी हवा, हे जहांगीर जाणून होता.

शिवछत्रपतींच्या बाबतीत आपण या साम्याची किंमत फार उशिरा ओळखली. गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी सतराव्या शतकात काढलेली महाराजांची चित्रे युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर परदेशी गेली. मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने करवून घेतलेले घोडेस्वार महाराजांचे चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. इकडे विसाव्या शतकापर्यंत दुसऱ्याच कोणाचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी 1933 मध्ये अस्सल परंपरेतले चित्र लोकांपुढे ठेवले, तेव्हा कुठे ही चूक सुधारली.

आता पेशव्यांच्या पुण्यात थांबू. 1791 मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला आणि इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यामार्फत पुण्यास पोहोचला. सवाई माधवरावांचे वय तेव्हा अठराच्या आसपास, नाना फडणवीस पन्नाशीतले. वेल्सने दोघांना एकाच मोठ्या तैलचित्रात आणले. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. मोगली लघुचित्रात माणूस बहुधा एका बाजूने दिसे, चेहऱ्यावर सावली नसे. इथे तेलरंगात गालाचा उतार आणि डोळ्याखालचा काळोख आला. राज्याची सगळी सूत्रे ज्याच्या मुठीत, त्या नानांचा उभट, बारीक चेहरा आपल्याला आज ठाऊक आहे तो या परक्या माणसामुळे. पुण्याच्या गंगाराम तांबट याने वेल्सच्या सहवासात नवी रीत आत्मसात केली आणि वेरूळची लेणी चितारली. या विसरल्या गेलेल्या दुव्याला आपण अजून पुरेसे श्रेय दिलेले नाही. ऑक्टोबर 1795 मध्ये सवाई माधवराव गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात वेल्सही तापाने गेला. चितारणारा आणि समोर बसलेला, दोघांची अखेर अशी काही आठवड्यांच्या अंतराने झाली.

पुढची पायरी झपाट्याने आली. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि 1857 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. साम्य देण्याचे काम कॅमेऱ्याने क्षणात करून दाखवले, तरी तैलचित्राची मागणी वाढतच गेली. बडोद्याच्या गायकवाडांपासून मुंबईच्या शेठियांपर्यंत सर्वांना राजा रविवर्म्याच्या हातचे चित्र हवे होते. पारशी घरांतले आणि सभागृहांतले चित्रकार पिठावालांचे काम पाहिले, तर समोर बसण्याचा मान राजाकडून व्यापाऱ्याकडे कसा सरकला, ते दिसते. दिवाणखान्यात चित्र लागणे ही प्रतिष्ठेची खूण झाली होती.

मला मात्र खरे वळण वाटते ते याच्या पुढचे, चित्रकारांच्या स्वतःच्या घरातले. गोव्यातून आलेले, जे. जे.त शिकलेले आणि तिथेच शिकवणारे ए. एक्स. त्रिंदाद यांनी पत्नी फ्लोरेंतिना आणि मुलांना पुन्हा पुन्हा रंगवले. ती चित्रे आज पणजीत फुंदासांव ओरिएंतच्या संग्रहात आहेत. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी 1945-46 च्या सुमारास हातात दिवा घेऊन उभी असलेली स्त्री जलरंगात रंगवली. ज्योतीवर धरलेल्या तळहाताच्या बोटांमधून लाल उजेड पाझरतो आहे, ही त्या चित्रातली करामत. जलरंगात चुकले तर खरवडून पुन्हा रंगवता येत नाही. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे आणि कित्येक जण ते रविवर्म्याचे समजतात. समोर उभी होती हळदणकरांची मुलगी गीता. शंभरी ओलांडून 2018 मध्ये त्या कोल्हापुरात वारल्या, तोवर लोक त्यांना त्या चित्रासाठी भेटायला येत. 2006 मध्ये मुंबईच्या वासुदेव कामत यांना अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर पुरस्कार मिळाला, तोही पत्नीच्या चित्रासाठी. या बायका-मुलींना कोणती सत्ता मिरवायची होती? त्यांना मिळाले ते जिव्हाळ्याच्या माणसाचे तासन्‌तासांचे अखंड लक्ष. माझ्या मते दोन हजार वर्षांच्या या वाटेवर हाती लागलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

आजचे सिटिंग कसे चालते ते जवळून पाहू. मॉडेलच्या पायांभोवती जमिनीवर खडूने खूण करतात, म्हणजे विश्रांतीनंतर पाय त्याच जागी येतात. उजेड एका बाजूने घेतात. चित्रकार आधी तपकिरी रंगात डोक्याचा ढोबळ आकार आणि सावल्या मांडतो, डोळे किलकिले करून मागे सरतो, पुन्हा इझलपाशी येतो. नाक-डोळे नंतर. समोर बसलेल्याला पहिली काही मिनिटे अवघडल्यासारखे होते. चेहऱ्यावर आणलेले हसू टिकत नाही, खांदे हळूहळू खाली येतात, आणि चित्रकार वाट पाहत असतो ती याच घडीची. फोटोत आपण एका क्षणाचे असतो. इथे तासाभराचे सगळे चेहरे एकात मुरतात. म्हणून पुरे झालेले चित्र पाहून घरचे म्हणतात, ‘हो, अगदी असाच बसतो हा,’ आणि त्याला स्वतःला ते पहिल्यांदाच कळलेले असते.

हा मान आता कोणालाही मिळू शकतो. मुंबईत जहांगीर कलादालनासमोरच्या पदपथावर चित्रकार येणाऱ्या-जाणाऱ्यांना समोर बसवून चित्र काढून देतात. कलाशाळांतल्या विद्यार्थ्यांना सरावासाठी वेगवेगळ्या वयांचे, वेगवेगळ्या ठेवणीचे चेहरे नेहमीच हवे असतात. आपल्या गावात अशी शाळा असेल, तर एखाद्या सकाळी जाऊन विचारावे, आणि शक्य असेल तर घरातल्या आजी-आजोबांना आधी बसवावे.