दातांच्या डॉक्टरला लॅपटॉप कोणता? उत्तर १९८५ पासून शोधू या

बीडीएस-एमडीएसच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की ज्युनिअर मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो: "लॅपटॉप कोणता घेऊ?" बीडीएसच्या पहिल्या वर्षासाठी उत्तर सोपं आहे. तिथे तुम्ही मेणाच्या ठोकळ्यातून दाढा कोरणार, ॲनाटॉमी पाठ करणार. नोट्स आणि पीपीटी उघडणारं घरातलं कुठलंही मशीन चालेल, पैसे वाचवा. पण ज्यांना पुढे थीसिस करायचाय, एखादा छोटा प्रकल्प मारायचाय, त्यांच्यासाठी हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. खरा प्रश्न असा: तुमच्या विभागातल्या यंत्रांतून बाहेर काय पडतं, आणि ते तुमच्या लॅपटॉपवर उघडतं का?

हे नीट कळायला दंतवैद्यकात संगणक शिरला कसा, ते बघावं लागतं. तो टेबलावरचा संगणक म्हणून आलाच नाही. तो यंत्राच्या पोटात बसून आला.

१९ सप्टेंबर १९८५. झुरिच विद्यापीठाच्या दंत विभागात वर्नर मोरमान यांनी एका रुग्णाच्या दातात सिरॅमिकचं इनले बसवलं. ते प्रयोगशाळेत कुणी हाताने घडवलेलं नव्हतं. दातातल्या पोकळीचं कॅमेऱ्याने मोजमाप घेतलं, संगणकावर आकार ठरवला आणि शेजारच्या यंत्राने सिरॅमिकच्या ठोकळ्यातून तो कापून काढला. सगळं खुर्चीशेजारी, एकाच भेटीत. मोरमान दंतवैद्य, आणि यंत्रामागचे मार्को ब्रांडेस्टिनी विद्युत अभियंता. मोरमानांची मूळ अडचण अगदी वैद्यकीय होती: दाढांमध्ये भरलेलं कॉम्पोझिट कडक होताना आकसतं आणि कडेला फट राहते. मग भराव बाहेरच तयार करून चिकटवला तर? या एका प्रश्नातून 'सेरेक' उभं राहिलं. पुढे सीमेन्सने ते बाजारात आणलं.

त्या पहिल्या यंत्राबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, दाताची चावण्याची बाजू, तिचे उंचवटे आणि खाचा, त्याला कापता येत नव्हत्या. त्या डॉक्टरलाच तोंडात बसवल्यावर बर घेऊन घडवाव्या लागत. दोन, कॅमेऱ्याला चकचकीत दात दिसायचा नाही, म्हणून दातावर पांढरी पावडर फवारावी लागे. दुसऱ्या पिढीचं सेरेक १९९४ चं, तिसरं २००० चं. पडद्यावर खरं त्रिमितीय चित्र यायला २००३ उजाडलं. म्हणजे जवळजवळ १८ वर्षं डॉक्टर त्रिमितीय वस्तू सपाट चित्रावर रेघा ओढून डिझाइन करत होते! आज आपण स्कॅन बोटाने गरागरा फिरवतो, तेव्हा हे आठवावं.

इथे एक वाद आहे, आणि संशोधनाला बसणाऱ्यांनी तो माहीत करून घ्यावा. दंतवैद्यकातल्या कॅड-कॅमचा जनक कोण? अनेक लेख फ्रान्सच्या फ्रांस्वा ड्युरे यांचं नाव घेतात. त्यांनी १९७३ साली ल्योंमध्ये जो प्रबंध सादर केला, त्याचा विषयच 'ऑप्टिकल इम्प्रेशन' म्हणजे प्रकाशाने घेतलेला दाताचा ठसा. १९८५ च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या परिषदेत त्यांनी लोकांसमोर क्राउन तयार करून दाखवला. मग पहिला कोण? कल्पना मोजली तर ड्युरे. रुग्णाच्या तोंडात खुर्चीशेजारी बसवलेलं काम मोजलं, तर मोरमान. प्रत्येक बाजूचा इतिहास त्या बाजूच्या माणसांनीच बराचसा लिहिलाय, त्यामुळे 'पहिला' हा शब्द ज्या लेखात दिसेल तिथे आधी लेखकाचं नाव आणि पत्ता वाचा. थीसिसच्या 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर'मध्ये ही सवय फार उपयोगी पडते.

मला स्वतःला 'पहिला कोण' यापेक्षा 'यंत्र कुठे ठेवलं' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. मोरमानांनी ते दवाखान्यात ठेवलं. स्वीडनच्या मॅट्स अँडरसन यांच्या 'प्रोसेरा' पद्धतीने उलट वाट धरली: लॅबमध्ये स्कॅन करायचं, मोजमापं मोडेमवरून स्वीडनच्या कारखान्यात पाठवायची आणि तयार कोपिंग टपालाने परत घ्यायचं. आज 'क्लाउडवर डिझाइन' म्हणतात त्याची ही आजी. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान होती. मोजमापाची फाइल ज्याचं यंत्र त्याच्याच घरात राहायची. डॉक्टरच्या हातात वस्तू यायची, फाइल यायची नाही. दवाखान्याला तेवढं पुरतं. संशोधकाला नाही, कारण त्याचं सगळं काम त्या फाइलवरच असतं.

आता क्ष-किरणाकडे येऊ. तूलूझचे फ्रान्सिस मुयेन यांनी फिल्मऐवजी तोंडात सेन्सर ठेवण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली आणि १९८७ साली ट्रॉफी कंपनीने ती बाजारात आणली. नाव ठेवलं रेडिओव्हिजिओग्राफी. रेडिओ म्हणजे क्ष-किरण पकडणं, व्हिजिओ म्हणजे पडद्यावर बघणं, ग्राफी म्हणजे कागदावर छापणं. नावात 'साठवणं' कुठेच नाही, हे मला गमतीचं वाटतं. त्या नावाची आद्याक्षरं आर-व्ही-जी. आपल्याकडे पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात दंतवैद्य आजही सहज म्हणतात, "एक आरव्हीजी काढून घ्या." सेन्सर कुठल्या का कंपनीचा असेना. एका फ्रेंच उत्पादनाचं नाव आपल्या दवाखान्यात सामान्य नाम होऊन बसलंय.

पण त्या आरव्हीजीची फाइल? इथे वैद्यकाची मोठी शाखा आणि दंतवैद्यक यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. रेडिओलॉजीवाल्यांना सीटी स्कॅनमुळे लवकर चटका बसला: एका कंपनीच्या मशीनची प्रतिमा दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर उघडेना. म्हणून अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि उपकरणं बनवणाऱ्यांची संघटना १९८३ मध्ये एकत्र बसल्या. १९८५ ला पहिलं मानक आलं, १९८८ ला दुसरं आणि १९९३ ला तिसरं, ज्याला आपण डायकॉम म्हणतो. रुग्णालयं मोठी, खरेदी मोठी, त्यामुळे कंपन्यांना ऐकावं लागलं. दंतवैद्य बहुतेक एकटा, एका खुर्चीचा धनी. त्याने एक सेन्सर घेतला आणि त्याच्यासोबत आलेलं सॉफ्टवेअर घेतलं, विषय संपला. म्हणून तोंडातल्या क्ष-किरणांच्या प्रतिमा वर्षानुवर्षं कंपनीच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहिल्या आणि बाहेर काढताना जेपेग होऊन निघाल्या.

जेपेगने बिघडतं काय? रुग्णाला दाखवायला काही नाही. पण तुम्ही हाडाची झीज मिलिमीटरमध्ये मोजणार असाल किंवा हाडाच्या जाळीचं फ्रॅक्टल विश्लेषण करणार असाल, तर जेपेगने पिक्सेल आधीच बदललेले असतात आणि एका पिक्सेलचं माप किती ही माहितीही हरवू शकते. मग मोजमाप हाडाचं झालं की कॉम्प्रेशनचं, हे परीक्षकाने विचारलं तर उत्तर नाही. सीबीसीटी १९९० च्या दशकाच्या शेवटी इटलीतल्या व्हेरोना इथून आली, डायकॉम रुळल्यानंतर. त्यामुळे तिची परिस्थिती बरी आहे. तरी सेंटरवरून मिळणाऱ्या सीडीत बऱ्याचदा फक्त विंडोजवर चालणारा व्ह्यूअर असतो. सेंटरवर स्पष्ट मागायचं: "डायकॉममध्ये, सगळे ॲक्सियल स्लाइस, कॉम्प्रेस न करता." आणि घरी नेण्याआधी रुग्णाचं नाव काढून टाकायचं. डायकॉम फाइलच्या मथळ्यात नाव, वय, तारीख सगळं लिहिलेलं असतं. फाइलचं नाव बदलून ते जात नाही.

त्रिमितीय स्कॅनची कथा याहून मजेशीर. तिथे खुलं फॉरमॅट आलं ते दंतवैद्यकाबाहेरून. १९८७ च्या सुमारास थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीने आपल्या थ्रीडी प्रिंटिंगच्या यंत्रासाठी एसटीएल फाइल आणली. पृष्ठभागाचे त्रिकोण करायचे आणि त्यांचे कोपरे लिहून ठेवायचे, बस. इतकं बाळबोध की कुणालाही वाचता येतं, आणि म्हणूनच ते जगलं. त्याचे तोटेही त्याच बाळबोधपणातून आले. एसटीएलमध्ये रंग नसतो आणि एकक नसतं. दहा म्हणजे दहा मिलिमीटर की दहा इंच, हे फाइल सांगत नाही. दातांची सॉफ्टवेअर मिलिमीटर गृहीत धरतात. हिरडीचा रंग अभ्यासायचा असेल तर पीएलवाय किंवा ओबीजे लागेल.

स्कॅनरवाल्यांनी मात्र दारं हळूहळूच उघडली. सेरेकमधून एसटीएल सहज बाहेर काढता यायला २०१० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. आणि एक सापळा आजही आहे. थ्रीशेप या डॅनिश कंपनीच्या स्कॅनरच्या फाइलींचं शेपूट 'डॉट डीसीएम' असतं. डायकॉमचंही तेच. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. डायकॉम समजून ती फाइल तुम्ही व्ह्यूअरमध्ये टाकाल आणि ती उघडणार नाही. फाइल खराब नाही, ती स्कॅनची आहे. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधूनच एसटीएल किंवा पीएलवाय काढून घ्या.

सॉफ्टवेअरचा इतिहास बघितला तरी हीच दोन घराणी दिसतात. एसपीएसएस १९६८ चं, स्टॅनफर्डमध्ये समाजशास्त्राच्या डेटासाठी लिहिलेलं. २००९ पासून आयबीएमकडे. आपल्याकडच्या थीसिसमध्ये ते इतकं मुरलंय की 'स्टॅटिस्टिक्स' आणि 'एसपीएसएस' हे समानार्थी शब्द झालेत. न्यूझीलंडच्या ऑकलंडमधून आलेलं आर १९९५ पासून मुक्त परवान्याखाली आहे. प्रतिमांसाठी इमेजजे: त्याचा पूर्वज अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९८७ साली मॅकिंटॉशसाठी लिहिला गेला, मग १९९७ मध्ये जावात पुन्हा लिहिला, म्हणून आज तो कुठल्याही मशीनवर चालतो. सीबीसीटीसाठी थ्रीडी स्लायसर आहे. ब्लेंडरची गोष्ट तर ऐकण्यासारखी: कंपनी बुडाली, तेव्हा २००२ मध्ये लोकांनी वर्गणी काढून १ लाख युरो जमवले आणि प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला करून घेतला. आपल्या गावच्या वाचनालयासारखं. ही सगळी फुकट आहेत, पण माझा मुद्दा फुकटचा नाही. तीन वर्षांनी परवाना संपल्यावरही तुमची पद्धत तुम्हाला आणि दुसऱ्या कुणाला तपासता यायला हवी. विभागात एसपीएसएस असेल तर जरूर वापरा, फक्त मूळ तक्ता सीएसव्हीमध्येही ठेवा.

बंद फाइलीचा हा त्रास मराठी माणसाला नवा नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. तुमच्या एथिक्स कमिटीला रुग्णासाठी मराठी संमतीपत्र लागणार आहे. सिनिअरकडून जुनी फाइल मिळाली आणि ती अशा फॉन्टमध्ये असेल, तर सरळ युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. दोन पानांचं काम असतं. रुग्णाला वाचता न येणाऱ्या संमतीपत्रावर घेतलेली सही ही संमती नव्हेच.

आता मूळ प्रश्न. सेरेक २००० साली विंडोजवर आलं, दवाखान्याची बहुतेक सॉफ्टवेअरही तिथेच वाढली आणि एक्सोकॅडसारखं डिझाइनचं सॉफ्टवेअर आजही विंडोजवरच चालतं. त्यामुळे प्रोस्थो किंवा ऑर्थोत डिजिटल विषय घेणार असाल तर विंडोज, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि मोठी एसएसडी. एकेक सीबीसीटी शेकडो एमबीची असते. कम्युनिटी डेंटिस्ट्रीत सर्वेक्षण करणार असाल तर यातलं काहीच नको. साधं मशीन घ्या आणि उरलेल्या पैशांतून बॅकअपसाठी दोन बाहेरच्या डिस्क घ्या. मॅक आवडतं? २०२० नंतरच्या ॲपल चिपवर बूट कॅम्पने विंडोज टाकता येत नाही, हे लक्षात घेऊन ठरवा. इमेजजे, आर, स्लायसर, ब्लेंडर तिथे चालतात. विभागाचं सॉफ्टवेअर चालेलच असं नाही.

आणि दुकानात जायच्या आधी एक दिवस विभागात जा. मॅडम-सरांच्या परवानगीने नाव काढलेली एक सीबीसीटी, एक तोंडातला स्कॅन आणि एक आरव्हीजी पेन ड्राइव्हवर घ्या. मित्राच्या लॅपटॉपवर तिन्ही उघडून बघा. जी उघडणार नाही, ती कोणत्या यंत्रातून आली आणि तिथे 'एक्सपोर्ट'चं बटण कुठे आहे, हे सिनॉप्सिस जमा करण्याआधी टेक्निशियनकडून शिकून घ्या.